वाढत्या अंगाचं

पोरांच्या अंगावरून, रंगावरून आपण घरात जे बोलतो, त्यावर सोलापुरात बोलायचं तर सुरुवात शिंप्याच्या टेपेपासून करू. आपल्या गावात शिवलेले गणवेश कुठल्या कुठल्या राज्यांत जातात. म्हणजे देशभरातल्या पोरांची मापं आपल्याला पाठ. जूनमध्ये नव्या पेठेत एका दुकानात मी उभी होते. समोर सहावी-सातवीतली मुलगी. शिंपीमामांनी टेप लावली, म्हणाले, "कंबर एकोणतीस." आई म्हणाली, "एकतीस धरा मामा, दिवाळीपर्यंत अजून सुटणार ही. माझ्यावरच गेलीय." दुकानातली चारदोन माणसं हसली, आईही हसली. मुलीनं मात्र टेप पोटावर येताच श्वास आत ओढला होता, तो टेप सुटली तरी सोडला नाही.

त्या आईचं चुकलं काय? दोन इंच जास्त ठेवणं शहाणपणाचंच होतं, गणवेश काही दर सहा महिन्यांनी शिवत नाहीत. पण यासाठी आपल्याकडं जुना शब्द आहे, "वाढत्या अंगाचं शिवा." माप तेच, कापड तेवढंच. एका वाक्यात पोरगी वाढतेय, दुसऱ्यात सुटतेय.

आणि ती खरंच वाढत असते. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे मुलींच्या अंगावर चरबी चढते, मांड्या-कंबर भरतात. शरीराचं ते ठरलेलं काम आहे. वजनाची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडं वय-उंचीचे तक्ते असतात, तिथं बघा. शेजारच्या पिंकीशी ताडून बघू नका.

"मग वजन वाढत असलं तरी गप्प बसायचं का?" असं मला हमखास विचारतात. अमेरिकेत मिनेसोटात झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आईवडील मुलांशी वजनाबद्दल बोलत, तिथली मुलं उपाशी राहणं वगैरे उद्योग जास्त करत होती. जिथं बोलणं फक्त चांगल्याचुंगल्या खाण्याबद्दल होतं, तिथं हे प्रमाण कमी होतं. एकामुळंच दुसरं घडतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी आपलं घर आठवून बघा. शेंगाचटणीवर तेल सगळ्यांना, आणि फक्त हिच्याच ताटात "तुला नको." कमी करायचं तर सगळ्यांचंच करा. संध्याकाळी कंबर तलावाला चक्कर मारायची तर सगळ्यांनी जा, बाबांचं पोटही बरोबर घेऊन.

मुलगे यातून सुटलेत असं समजू नका. "काडी पहिलवान" ऐकत मोठा झालेला मुलगा उन्हाळ्यातही फुल बाह्यांचा शर्ट घालतो.

रंगाचं तर विचारूच नका. १९७५ साली आलेल्या त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' कंपनीनं २०२० मध्ये काढला. आपल्या बायोडाट्यातला 'रंग : गव्हाळ' अजून तिथंच आहे.

माझे वडील मला लाडानं 'काळू' म्हणत. त्यांच्याइतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही, हेही खरं. मघाशी आयोजकांनी सगळ्यांचा फोटो काढला ना, त्यात मी कुठं उभी आहे ते बघा. खुर्ची पुढं ठेवली होती माझ्यासाठी.