तारणाची तारीख

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय 'पाचारण ते सेवा: तीन टप्पे' असा छापलेला आहे. पाचारण म्हणजे देवानं घातलेली साद. टप्पे तीनच का, हे कृपा करून विचारू नका. संयोजकांचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं आणि ते वर यायला लागलं होतं, त्यामुळे तोंडाला आलं ते सांगून मोकळा झालो. पण तिन्ही टप्प्यांवर येईन, शब्द देतो. त्याआधी एक जुनं दुखणं आहे, तेवढं बाहेर काढू द्या.

दुखणं असं, की आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगायचं म्हटलं, की ती पाच मिनिटांत बसली पाहिजे आणि तिच्यात निदान एक अपघात पाहिजे. अपघात नसेल तर दुर्धर आजार, तोही नसेल तर दारू. यातलं काहीच नसलं, की ऐकणारे खोकायला लागतात.

मी अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाची गोष्ट. युवक शिबिर होतं आणि शेवटच्या रात्री साक्षींचा कार्यक्रम. आईबापांनाही बोलावलेलं. माझ्या आधी जे गृहस्थ उठले ते एके काळचे पट्टीचे दारूबाज आणि आता पट्टीचे वक्ते. बायकोच्या मंगळसूत्रापर्यंत आले तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत होत्या, पुरुष छताकडे बघत होते. ते बसले आणि माझं नाव पुकारलं. माझ्यापाशी काय होतं? मी चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. बाप्तिस्मा पाळण्यात झालेला. संडेस्कूलमधल्या अखंड हजेरीबद्दल एक पेन्सिलींचा डबा मिळालेला. दारू सोडायची तर आधी सुरू करावी लागली असती!

मग मी एक मोटारसायकल काढली. म्हणजे तोंडानं काढली. रात्रीची वेळ, घाट, समोरून ट्रक. मी दरीच्या कडेला लोंबकळतोय आणि वरून वाणी येतेय. अक्षरशः टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून आमच्या मातोश्री, ज्यांना कुजबुजणं जन्मात जमलं नाही, शेजारणीला म्हणाल्या, "अगं, सायकल होती ती! आणि गटारात पडला होता मेला."

पाळकसाहेबांनी तत्काळ पेटीवाल्याला खूण केली आणि गीत सुरू झालं. (हशा)

घरी जाताना मला वाटलं होतं, आई खोटं बोललो म्हणून झोडपणार. तिनं एवढंच विचारलं, "गटारातून तुला उचलून आणलं कुणी, ते का नाही सांगितलंस?" उचललं होतं आमच्या आळीतल्या बायबलवाचक बाईंनी. पांढरं लुगडं नेसायच्या, पायांत झिजलेल्या वहाणा. मला ओट्यावर बसवून त्यांनी गुडघ्यातली खडी चिमट्यानं काढली. एकेक खडा पितळी वाटीत टाकायच्या, टिंग करून आवाज व्हायचा, आणि मी रडायचं सोडून पुढच्या टिंगची वाट बघायचो. अकरा खडे. त्या बाई अशाच गावोगाव पायी हिंडल्या, आयुष्यभर. त्यांची साक्ष मी कधी ऐकली नाही. त्यांना व्यासपीठावर कुणी बोलावलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मोटारसायकलीचं पाप तुझं, मंडळीला का बोल लावतोस? तर ऐका. नव्या करारातली प्रेषितांची कृत्ये उघडा, नववा अध्याय काढा आणि दमास्कसच्या वाटेवर ख्रिस्ताचं दर्शन होऊन पडलेल्या पौलाचा घोडा शोधून दाखवा. सापडणार नाही. 'जमिनीवर पडला' एवढंच आहे. घोडा चित्रकारांनी दिला. साधा पायी चालता चालता पडलेला माणूस पुरत नाही आपल्याला! पौलाला निदान दुसऱ्यांनी घोडा दिला. मी वाहन स्वतःच घेतलं, एवढाच फरक.

आणि त्या घोड्याच्या टापांखाली काय गेलं, ते गलतीकरांस पत्रात पौल स्वतः सांगतो. दमास्कसनंतर अरबस्तानात गेलो, परत दमास्कसला आलो, 3 वर्षांनी यरुशलेमला गेलो, पुढे 14 वर्षांनी पुन्हा. ही सगळी वर्षं आपण एका श्वासात ओलांडतो. तो तार्ससला होता तेव्हा त्याचा सोबती बर्णबा त्याला शोधत गेला आणि अंत्युखियाला घेऊन आला. बर्णबा गेला नसता तर? असो, बर्णबावर मी एकदा दीड तास बोललो होतो. त्यानंतर त्या मंडळीनं मला परत बोलावलेलं नाही.

दुखण्याचा दुसरा भाग. पुढे मला सेवेचं मनात आलं. एका संस्थेत अर्ज केला. नाव सांगत नाही. अर्जात एक रकाना होता: 'तारणाची तारीख', म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून उद्धार झाला तो दिवस. दिवस, महिना, वर्ष. मी विचारलं, "माझ्या की पणजोबांच्या?" समोरचे गृहस्थ हसले नाहीत. रकाना कोरा राहिला, अर्ज परत आला आणि मी बँकेत चिकटलो. तिथं पहिल्याच आठवड्यात कर्जाचा फॉर्म हातात आला. त्यातही रकाना: तारण! फक्त तिथं तारीख लागत नव्हती, सातबारा चालत होता. पुढची चौतीस वर्षं मी लोकांची तारणं तपासली, आणि रविवारी पाळक नसतील तिथं जाऊन उपदेश केला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, की या प्रवासांना तारीख चिकटवू नका. आता टिळकांचंच घ्या. आपले, नगरचे. ना. वा. टिळकांची रेल्वेची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी सांगतो, कारण मला सांगायला आवडते. 1893 साल. टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा साहेब. टिळकांना वाटलं, हा आता आपल्याला उठवणार. त्यानं उलट सरकून जागा दिली. बोलणं संस्कृत काव्यावर सुरू झालं आणि धर्मावर आलं. उतरायच्या आधी साहेबानं नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत वाचत मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनाशी पोचले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. दोन वर्षांच्या आत!

झकास गोष्ट आहे. आणि तो साहेब कोण, हे टिळकांना कधीच कळलं नाही. नाव ना गाव. पण या गोष्टीत तुकाराम कुठे गेले? टिळक स्वतः म्हणत, की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. पूल बांधायला किती वर्षं लागली असतील? लहानपणी कानावर पडलेले अभंग, पायी केलेली भटकंती, हे सगळं त्या डब्यात चढलं होतं. साहेबानं फक्त सरकून जागा केली. आणि पुढचं तर आपण सांगतच नाही. 1904 मध्ये दीक्षा, म्हणजे रेव्हरंड झाले, बाप्तिस्म्यानंतर नऊ वर्षांनी. आणि 1917 मध्ये मिशनमधून बाहेर पडून 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही जागा. रेल्वेतून उतरून चोवीस वर्षं झाली होती, तरी माणूस अजून निघालेलाच होता...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली दोनदा रेघ मारली आहे.

बरं, तर मग तीन टप्पे, भराभर. खरं तर पंडिता रमाबाई एकट्या पुरे. सिल्चरला असताना त्यांच्या हाती बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान लागलं, पण त्यानं लगेच काही झालं नाही. 1882 मध्ये पती गेले, 1883 मध्ये त्या इंग्लंडला पोचल्या. तिथे लंडनमधल्या फुलहमला वाँटेजच्या धर्मभगिनींचं एक घर होतं, जगानं टाकलेल्या स्त्रियांसाठी. त्या स्त्रियांची काळजी घेताना भगिनींना पाहून रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शमरोनी बाई वाचून दाखवली. शंकांना उत्तरं मिळाली नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोऱ्यांच्या पत्रांतून. हे तेच गोरे, ज्यांनी आधी ख्रिस्ती धर्माच्या खंडनाचा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान हवं.

29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इथे आपण टाळ्या वाजवून थांबतो. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही. तो आठेक वर्षांनी सापडला. आता हिशेब करा, मी बँकेतला माणूस आहे. विधवांसाठीचं शारदा सदन उघडलं 11 मार्च 1889 ला. म्हणजे सेवा आधी सुरू झाली आणि ज्याला त्या खरा विश्वास म्हणतात तो मागाहून आला! टप्पे उलटे. मग 1896-97 चा दुष्काळ, केडगावचं मुक्ती सदन, तिथल्या शेकडो मुली, आणि शेवटी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल. ते हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या अर्जाचा रकाना या बाईंनी कसा भरला असता?

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तोंड माझ्याकडे करून. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, एवढ्या सांगतो आणि बसतो. नवऱ्यानं न विचारता धर्म बदलला. ही बाई काही वर्षं दूर राहिली, मग परत आली, आणि ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात आपलं सोवळं, आपली वेगळी चूल, आपलं वेगळं पाणी सांभाळत राहिली. त्याच पाण्याचं कोडं सोडवता सोडवता तिला एके दिवशी कळलं, की माणसं देवानं केली, जाती माणसांनी केल्या. 1900 मध्ये बाप्तिस्मा. टिळक 1919 मध्ये गेले, त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य तिनं पुरं केलं. या प्रवासात ना रेल्वे, ना घोडा. पाण्याचा एक हंडा आहे फक्त.

तिसरा टप्पा... तिसरा टप्पा मला वाटतं मघाशीच कुठेतरी होऊन गेला. चहा आलाय, तो दिसतोय मला. गोऱ्यांचं कुणाला ऐकायचं असेल त्यांनी कप घेऊन माझ्याकडे या.