वाचलेल्यांचं रक्त

(दृश्य: पहाटेचं नवापूर रेल्वे स्थानक. नंतर गावाबाहेरची कोंबड्यांची लांबलचक शेड.)

नवापूरचं रेल्वे स्थानक दोन राज्यांत विभागलेलं आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावाभोवती अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा मोठा व्यवसाय उभा आहे. २००६ साली, हिवाळा सरता सरता, इथल्या शेडमध्ये मरतूक वाढायला लागली. थोडीफार मर दरवर्षी असतेच. सुरुवातीला अनेकांना मानमोडीच वाटली, म्हणजे राणीखेत. मग नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं: बर्ड फ्लू, एच५एन१. भारतातला पहिला उद्रेक.

पांढरे पोशाख चढवलेली पथकं आली. खड्डे खणले गेले. लाखो पक्षी मारून पुरले. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातही तेच झालं.

अशा वेळी सगळ्यांची नजर मेलेल्या पक्ष्यावर असते. तो कशानं मेला, हेच आधी कळायला हवं असतं आणि ते रास्तच आहे. पण याच आजाराचा अभ्यास करणारी काही माणसं भलत्याच पक्ष्याकडे बघत होती. जो मेला नव्हता, त्याच्याकडे.

(दृश्य: तळ्यातली बदकं.)

बदक. फ्लूचे विषाणू रानबदकांच्या आतड्यात पूर्वापार राहत आले आहेत. बहुतेक प्रकारांनी बदकाला काहीही होत नाही. एच५एन१चे काही प्रकार बदकालाही मारतात, हे खरं. पण अख्खं शेड दोन-तीन दिवसांत रिकामं करणारा विषाणू अंगावर घेऊन बदक पोहत राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. बदकाकडे असं काय आहे?

हे शोधायचं तर पेशीत काय चाललंय ते ऐकावं लागतं. कोंबडीच्या प्रत्येक पेशीत तिची सगळी जनुकं असतात. पोथी सगळ्यांकडे तीच, पण यकृताची पेशी आपला अध्याय वाचते, फुप्फुसाची आपला. जनुक वाचलं गेलं की त्याची आरएनए नावाची छोटी नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. कुठल्या जनुकाच्या किती नकला निघाल्या हे मोजणं म्हणजे जनुकांची अभिव्यक्ती मोजणं. विषाणू आत शिरला की काही तासांत हे वाचन बदलतं. शांत पडलेले अध्याय उघडतात, चालू असलेले मिटतात.

कोंबडीच्या जनुकसंचाचा आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, डुकराचा २०१२ मध्ये. तेव्हापासून पोथी हाताशी आहे. कुठला अध्याय केव्हा वाचला जातो, हे मात्र प्रत्येक वेळी जिवंत प्राण्यालाच विचारावं लागतं.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात. कोंबडीच्या पंखाखालची शीर. रक्ताची बारीक नळी.)

हे विचारणं फार नाजूक काम आहे. आरएनए तोडणारी विकरं सगळीकडे असतात, आपल्या बोटांच्या त्वचेवरसुद्धा. नमुना घेतला आणि हलगर्जी केली, तर जे ऐकायचं होतं तेच पुसलं जातं. म्हणून फुप्फुसाचा तुकडा लगेच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात, नाहीतर रक्त थेट रसायन भरलेल्या नळीत घेतात. पेशीचा त्या क्षणाचा आवाज तिथंच थिजवायचा. उद्याचं रक्त उद्याची गोष्ट सांगणार असतं.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात कॅथरीन मेगर यांच्या गटानं बदकाचा प्रश्न धसाला लावला. पेशीत विषाणूचं आरएनए शिरलं की ते ओळखून हाकाटी करणारं एक प्रथिन असतं, रिग-आय. आपल्याकडे, माणसांकडे, ते आहे. बदकाकडेही आहे. कोंबडीकडे नाही. घातक एच५एन१ची लागण झालेल्या बदकांमध्ये, अगदी सुरुवातीच्या काळात, रिग-आयची अभिव्यक्ती २०० पटींहून अधिक वाढलेली दिसली. मग त्यांनी बदकाचं हे जनुक कोंबडीच्या पेशींमध्ये घातलं. त्या पेशी विषाणूविरुद्धचे संदेश जोमानं सोडू लागल्या आणि विषाणूची वाढ घटली. हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. कोंबडी अगदीच उघडी नाही, तिच्याकडे एमडीए५ नावाचा दुसरा पहारेकरी आहे. पण एक चौकी रिकामीच.

(दृश्य: लंगडणारी कोंबडी. एक पाय पुढे, एक मागे ताणलेला.)

बदक आणि कोंबडी तरी निरनिराळ्या जातीचे पक्षी. एकाच खुराड्यात, एकच दाणा खाणाऱ्या दोन कोंबड्यांपैकी एक लुळी पडते आणि दुसरी नाही, त्याचं काय?

हा पाय ओळखीचा आहे. मॅरेक्स. १९०७ मध्ये हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी या लुळेपणाचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. नागिणीच्या कुळातला हा विषाणू नसांवर जातो आणि शरीरभर गाठी करतो. साधारण १९७० पासून लस आहे. कुठल्याही कर्करोगावरची ती पहिली परिणामकारक लस. उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिल्लाला ती टोचतात. पण लस गाठी थांबवते, विषाणू नाही. लस घेतलेली कोंबडी तो पसरवत राहते आणि दशकागणिक तो अधिक जहाल होत आला आहे. म्हणून नुसत्या लशीवर विसंबून भागत नाही.

अमेरिकेत मिशिगनमधल्या ईस्ट लॅन्सिंगला १९३९ पासून कोंबड्यांची दोन घराणी सांभाळली आहेत. घराणं सहा आणि घराणं सात. सहावं मॅरेक्सला सहसा दाद देत नाही, सातवं पटकन बळी पडतं. प्रतिकारशक्तीचा जो मुख्य जनुकसमूह रोगांच्या बाबतीत आधी तपासला जातो, तो दोन्हींत सारखाच आहे. म्हणजे फरक दुसरीकडे कुठेतरी. हान्स चेंग यांच्या गटानं दोन्ही घराण्यांतली अभिव्यक्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली, विषाणूचं प्रथिन कोंबडीच्या कुठल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं तेही पाहिलं. २००१ मध्ये त्यांनी एका जनुकावर बोट ठेवलं. ते होतं वाढीच्या संप्रेरकाचं. रोगाशी ज्याचा संबंध कुणाला सहजी सुचला नसता, असं.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते घराण्यांचं सांभाळणं. पिढ्यामागून पिढ्या, निवृत्त झालेल्यांच्या जागी नवी माणसं येत राहिली, आणि उत्तर मिळेलच याची खात्री नसताना त्यांनी त्या कोंबड्या जपल्या.

(दृश्य: वराहपालन केंद्र. मादीला बिलगलेली पिल्लं.)

डुकरांमध्ये पीआरआरएस नावाचा आजार आहे. गाभण माद्या गाभडतात, पिल्लं धापा टाकतात, वाढ खुंटते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत दिसला, २०१३ मध्ये मिझोराममध्ये पोहोचला. मिझोरामच्या कितीतरी घरांत दोन-चार डुकरं म्हणजे अडीअडचणीची शिल्लक असते. ती एका आठवड्यात जाते.

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी, कृषी खात्यानं आणि पैदास कंपन्यांनी मिळून एक मोठा प्रयोग मांडला. दर वेळी सुमारे २०० निरोगी पिल्लं आणायची, सगळ्यांना एकच विषाणू द्यायचा, ४२ दिवस ठरावीक दिवशी रक्त घ्यायचं आणि दर आठवड्याला वजन करायचं. काही पिल्लांनी विषाणू दाबून धरला आणि अंगही धरलं. काही वाळत गेली. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्याचा यात मोठा वाटा असल्याचं २०१२ मध्ये दिसलं.

पण पट्टा म्हणजे जनुक नव्हे. त्या पट्ट्यात अनेक जनुकं होती. उत्तर रक्तातल्या आरएनएनं दिलं. भावंडांच्या जोड्या घेतल्या, एक बऱ्या वाणाचं, एक कमकुवत. जीबीपी५ नावाच्या जनुकाची नक्कल दोघांत वेगळी निघत होती. एका अक्षराच्या बदलामुळे कमकुवत वाणात नक्कल जोडताना पाच अक्षरं जास्तीची घुसत होती आणि प्रथिन शेवटाला तुटकं तयार होत होतं. एकाच आईच्या दोन पिल्लांमधला एवढाच फरक, एका अक्षराचा.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक. अंड्याच्या कवचाला पाडलेली खिडकी.)

असं बोट ठेवता आलं की पुढचा मोह होतो तो जनुकच बदलण्याचा. पीआरआरएसचा विषाणू डुकराच्या पेशीत सीडी१६३ नावाच्या दारातून शिरतो. मिसूरी विद्यापीठात रँडल प्राथर यांच्या गटानं हे दार बंद केलेली डुकरं तयार केली, त्यांना लागणच झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशाच एका वाणाला खाण्यासाठी मंजुरी दिली.

कोंबडीनं मात्र सावध केलं. फ्लूचा विषाणू तिच्या एएनपी३२ए या प्रथिनाच्या आधारानं वाढतो. एडिंबराच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यात छोटा बदल केलेल्या कोंबड्या २०२३ मध्ये जगासमोर आणल्या. नेहमीच्या मात्रेत १० पैकी ९ वाचल्या. हजारपट मात्रेत ५ जणींना लागण झाली, आणि विषाणूनं तोवर त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनांचा आधार शोधला होता. डुकरांना मारणाऱ्या आफ्रिकी स्वाइन फीव्हर या विषाणूजन्य तापाचंही तसंच. आफ्रिकेतला रानडुक्कर, वॉर्टहॉग, तो सहन करतो. त्याच्या रेला जनुकातला फरक पाळीव डुकरात उतरवून पाहिला. डुकरं तरीही आजारी पडली. एक शब्द उचलून आणला म्हणून आख्खी ओवी साधत नाही.

(दृश्य: पुन्हा नवापूर. रिकामं शेड, जमिनीवर जुनं तूस.)

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. पुन्हा पथकं, पुन्हा खड्डे. ठरलेल्या परिघातला प्रत्येक पक्षी मारावा लागतो, धडधाकट असला तरी. संसर्ग पसरू नये म्हणून ते करावंच लागतं आणि ते करणाऱ्यांच्या मनावर त्याचं ओझं राहतं. पण त्या हजारो पक्ष्यांत एखादी तरी अशी असेल, जिच्या पेशींनी विषाणूला ओळखलं होतं, वेळेवर हाक दिली होती, जी दुसऱ्या दिवशी दाणा टिपणार होती. तीही त्याच खड्ड्यात जाते.

तिला काही विचारायचं तर ते गावात विचारता येत नाही. दुहेरी दारांच्या, हवा गाळून बाहेर सोडणाऱ्या प्रयोगशाळेतच ते शक्य होतं. तिथं आज कुणीतरी पायात क्रमांकाची पट्टी बांधलेल्या पक्ष्याचा पंख अलगद उचलतंय. शीर सापडते. नळीत दोन थेंब पडतात, झाकण लागतं, नळीवर तारीख आणि तास लिहिला जातो.