जाताना सात तास, येताना आठ

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूयॉर्कहून लंडनला विमान साधारण सात तासांत पोचतं. परतीला मात्र त्याला आठ लागतात. शहरं जागची हललेली नाहीत, विमानही तेच, मग हा जास्तीचा तास आला कुठून?

आधी अंतराचं पाहू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजायला जाल तर फसाल. न्यूयॉर्क आणि माद्रिद दोन्ही ४० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. नकाशा म्हणतो, नाकासमोर पूर्वेला चला. पण पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे झुकतो, आणि तरीही अक्षांशाला धरून जाणाऱ्या वाटेपेक्षा दीडशेहून अधिक किलोमीटरनं आखूड भरतो. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. दोन शहरांचं हवाई अंतर म्हणून जो आकडा देतात, तो या दोऱ्याचा.

आता वेळ. प्रवासी विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं. हवेतून, जमिनीवरून नव्हे! सगळी मेख इथंच आहे. ज्या उंचीवर विमान उडतं, साधारण त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. नदीत होडी सोडावी तसं विमान त्यात सापडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग वाटेत ताशी १,३०० किलोमीटरपर्यंत गेला. हवेच्या हिशेबानं ते नेहमीसारखंच उडत होतं.

कुणी म्हणेल, जाताना मिळालं ते येताना गेलं, फिट्टंफाट. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण गणित करून पाहा. अंतर ६,३०० किलोमीटर, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर सात आणि सात, चौदा तास. आता १५० चा वारा धरा. पाठीशी असताना वेग १,०५०, म्हणजे सहा तास. समोरून असताना ७५०, म्हणजे ८ तास २४ मिनिटं. एकूण २४ मिनिटं जास्तच. कारण उघड आहे, विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो.

तिकिटावरचा हिशेब आणखी निराळा. तिथं दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघून लंडनला सकाळी ८ ला पोचणं, हे बारा तास नव्हेत, सातच. मधले पाच घड्याळांच्या फरकाचे. त्या सातांतही धावपट्टीपर्यंत सरकत जाण्याची, रांगेत थांबण्याची मिनिटं आधीच धरलेली असतात, थोडी राखीवसुद्धा. म्हणूनच अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधीकधी अगदी वेळेवर उतरतं.