चुड्याचा हिरवा आणि प्रीसेटचा हिरवा

श्रोतेहो नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि गेली चौदा वर्षं लग्नाचे फोटो एडिट करते. म्हणजे कॅमेरा घेऊन हॉलमध्ये पळणारी मी नाही, फोटोग्राफर लग्न उरकून हार्ड डिस्क आणून देतात आणि मग पुढचे तीन-चार आठवडे ते लग्न माझ्या घरात चालू असतं, तीच मंगलाष्टकं, तेच मामा, तीच करवली. एकेका लग्नाचे चार-चार हजार फोटो येतात हो. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीय ती आज तुमच्याशी बोलायचीय, की फोटो कसा काढला यावरून घरात जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी तो एडिट कसा केला यावरून होतात.

मागच्या वर्षीचं सांगते. घणसोली गावातलं आगरी कुटुंब, लग्न मोठं, हळद तर त्याहून मोठी, मांडवाखाली धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणतेय, सगळा गाव जमलेला. मुलगी आयटीत, ऐरोलीला ऑफिस, तिने मला आधीच सांगून ठेवलेलं की ताई मला ते मूडी एडिट हवंय, रंग दबलेले, थोडं फिकट, जुन्या आठवणीसारखं. मी तसं केलं. माझ्याकडे त्यासाठीचा प्रीसेट होता, म्हणजे तयार सेटिंग, एका क्लिकवर सगळ्या फोटोंना लागतं. पहिले पन्नास फोटो पाठवले, मुलगी एकदम खूश, आणि तासाभरात तिच्या आईचा फोन. काकूंचा आवाजच बसलेला. म्हणाल्या, "ताई, चुडा हिरवा होता ना? मग हा सुकलेल्या पानासारखा कशाला दिसतोय?"

मी फोटो परत उघडला आणि खरंच, चुडा खाकी झालेला. हिरवा चुडा नवरीच्या हातात खाकी. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि ती चूक माझीच, कारण पन्नास फोटो मी रंगाच्या नादात बघितले, लग्न म्हणून बघितलेच नाहीत.

हे का होतं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरात लग्न असेल तर उपयोगी पडेल. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाची एक वेगळी पट्टी असते, हिरव्याची वेगळी, पिवळ्याची वेगळी, केशरीची वेगळी. मूडी प्रीसेट बहुतेक करून हिरवी पट्टी खाली ओढतात आणि जरा पिवळ्याकडे ढकलतात, कारण मागची झाडं भडक दिसू नयेत, डोळा नवरा-नवरीवर राहावा. कल्पना चांगलीच आहे. पण त्या पट्टीला येऊरच्या डोंगरावरचं झाड आणि हातातला चुडा यातला फरक कळत नाही ना, तिच्यासाठी हिरवा म्हणजे हिरवा, झाड सुकलं की चुडाही सुकला, आणि शालू हिरवा असेल तर तोही गेला. तसंच केशरीचं. आपल्या लोकांच्या त्वचेचा रंग बराचसा केशरी पट्टीत येतो, आणि झेंडूही तिथेच, हळदही तिथेच शेजारी पिवळ्यात. कुणी चेहरा उजळवायला केशरी वर नेली की झेंडूची तोरणं फिकी पडतात, गालावरची हळद पांढुरकी दिसते, हळदीचा कार्यक्रम आहे की पिठाचा तेच कळत नाही.

आता यात काकू बरोबर की मुलगी बरोबर? मला विचाराल तर दबलेले रंग आवडणं यात काही चूक नाही, ती आवड आहे, तिची आहे. मी त्या दिवशी फक्त चुडा, कुंकू आणि हळद तेवढी मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडून, मूळ रंगात परत आणली, बाकी सगळं मुलीला हवं तसं मूडी ठेवलं. एका फोटोला दहा-बारा मिनिटं जास्त लागली, पण तिलाच ते जास्त आवडलं. दबलेल्या रंगात हिरवा चुडा असा काही उठून दिसायला लागला की मुलगी म्हणाली हे आधीच का नाही केलंत.

माझ्या आजीचा लग्नाचा फोटो आहे आमच्याकडे, ब्लॅक अँड व्हाइट, स्टुडिओत जाऊन काढलेला. आजी खुर्चीवर, आजोबा बाजूला उभे, दोघंही हसत नाहीत, पावलं दिसतायत, शालूचा काठ पूर्ण दिसतोय. आणि त्या फोटोवर कुणीतरी हाताने रंग भरलाय. तेव्हा तसं करायचे, पारदर्शक रंग कापसाच्या बोळ्याने नाहीतर बारीक ब्रशने प्रिंटवर चढवायचे. सगळा फोटो नाही रंगवलेला, फक्त कुंकू लाल आणि बांगड्या हिरव्या. त्या माणसाला बांगड्यांचा रंग फोटोत दिसलेला नव्हता, तो त्याला कुणीतरी सांगितला असणार. घणसोलीच्या काकूंचा फोन आला त्या रात्री मी तो फोटो कपाटातून काढून बराच वेळ बघत बसले.

आवड कुठून येते माहितीय का, घरातल्या भिंतीवरून येते. ज्या पिढीने असे पूर्ण उभे फोटो बघितले त्यांना आजचा क्लोजअप, म्हणजे फक्त एक डोळा, नथ आणि मुंडावळीचे मोती, हा फोटो अर्धा वाटतो. त्या पिढीतल्या बायका सरळ विचारतात, डोकं कापलं का गं? त्यांचं चुकत नाही. त्यांच्या काळी छत्तीस फोटोंचा एक रोल, लग्नाला दोन नाहीतर तीन रोल, म्हणजे जेमतेम शंभर फोटो, त्यात प्रत्येक फोटोत माणूस पूर्ण यायला हवा, शालू यायला हवा, कोण कोणाच्या शेजारी उभं होतं ते यायला हवं. तो फोटो म्हणजे नोंद होती. आणि आजची मुलगी आधीच रोज स्वतःचे वीस फोटो काढतेय, तिला नोंद नकोय, तिला तो क्षण कसा वाटला ते हवंय. दोघींना फोटो वेगवेगळ्या कामासाठी हवाय आणि आपण मात्र भांडतो ब्राइटनेसवरून.

पण एक गोष्ट मी आवडीत धरत नाही, आणि ती मी आज रेडिओवर स्पष्टच बोलते. नवरीला गोरं करणं. मी नवीन असताना एका स्टुडिओचं काम घ्यायचे, तिथून हार्ड डिस्कसोबत चिठ्ठी यायची, नवरी दोन शेड उजळ. प्रत्येक लग्नाला. मुलीला विचारलेलं नाही, आईला विचारलेलं नाही, आणि मीही करायचे, मला त्याचं आजही वाईट वाटतं. हे काही कॉम्प्युटरने आणलेलं नाही बरं का. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ला सुरू झाली, ठाण्याला पहिली रेल्वे आली त्याच्या पुढच्या वर्षी, इतकं जुनं आपल्याकडे फोटोग्राफीचं वेड, आणि निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलने टचिंग करायचं कामही जुनंच. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल चालवाल तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं, सुरकुती जाते, डाग जातो. पण त्या माणसाला एकेक चेहरा भिंग लावून बघायला लागायचा, कुठे थांबायचं हे त्याचा हात ठरवायचा. आता एक पट्टी ओढली की चारशे फोटोंतली नवरी एकदम वेगळीच बाई होते. लग्नाच्या दिवशी आलेली पुळी काढा, डोळ्याखाली जागरण दिसतंय ते थोडं कमी करा, मीही करते, पुळी आठवड्यात जाणारच होती. पण हनुवटीवरचा तीळ, आईसारखा असलेला रंग, गालावरची लहानपणीची खूण, हे विचारल्याशिवाय काढायचं नाही. मी ते स्टुडिओचं काम सोडलं, सहा महिने ओढाताणीत गेले, पण सोडलं.

उजेडाचंही थोडं बोलू, कारण एडिटिंगमध्ये सुधारेल या भरवशावर लोक उजेड फार हलका घेतात. हॉलमध्ये ते जांभळे-गुलाबी एलईडी लावतात ना, ते चेहऱ्यावर पडले की त्वचेचा खरा रंग नोंदलाच जात नाही, मग मी रात्रभर बसले तरी तो परत कुठून आणणार. मुहूर्ताची पंधरा मिनिटं तेवढे बंद करायला सांगा, डेकोरेटर ऐकतो. आणि प्री-वेडिंगला ठाण्यातल्या उपवन तलावावर जायचं असेल तर लवकर जा, सूर्य येऊरच्या डोंगरामागे जातो त्यामुळे तिथली सोनेरी उन्हं सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी संपतात, मागे छान मऊ सावली राहते पण ऊन नाही. याच्या उलट नवी मुंबईत पाम बीच रोडकडे पश्चिमेला खाडीच आहे, डोंगर आड येत नाही, ऊन शेवटपर्यंत मिळतं. एकच जोडपं दोन्हीकडे उभं केलं तर दोन वेगळी लग्नं वाटतील, आणि त्यात एडिटिंगची काही करामत नाही. आपल्याकडे गोरज मुहूर्त असतो तेव्हा तर मला फार हळहळ वाटते, बाहेर इतका सुंदर उजेड आणि आपण सगळे दारं लावून एसी हॉलमध्ये.

अजून एक. फोटो पसंत करायला व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, पाठवलात तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि मग आत्याचा निरोप येतो की फोटो क्लिअर नाहीत. आणि मोबाईलवर चमकणारा फोटो कागदावर जरा काळपट येतो, म्हणून मोठा बारा बाय छत्तीसचा अल्बम छापायच्या आधी दोन-चार लहान प्रिंट काढून घ्या आणि ते आईच्या, सासूच्या, आजीच्या हातात द्या. खिडकीजवळ बसवून द्या. तिथे जे बोलतील ते लिहून घ्या.

घणसोलीचं शेवटी असं झालं की अल्बम मुलीच्या पसंतीचा, घरातल्या हॉलमध्ये लावायची फ्रेम काकूंच्या पसंतीची, पूर्ण उभा फोटो, रंग जसेच्या तसे, पावलंसुद्धा दिसतायत. आणि नवरीच्या आजीने एकच फोटो मागितला, तो यादीतही नव्हता. हळदीच्या मांडवाखाली धवलारीण गातेय आणि आजी तिच्या शेजारी बसून डोळे मिटून सोबत म्हणतेय. किंचित हललेला फोटो आहे, फोटोग्राफरने बाद केलेला. मी तो फक्त जरा सरळ केला, बाकी कशाला हात लावला नाही, आणि प्रिंट घेऊन स्वतः घणसोलीला जाऊन दिला.

बरं, वेळ झाली. येते मी, नमस्कार.