दिवाळीत नको, पावसाळ्यात चला : न्हा ट्रांगचा समुद्र
(ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत न्हा ट्रांगला जाऊ नका. सुरुवातीलाच नकारघंटा वाजवते आहे, कारण आपल्याकडे परदेशी सहल म्हटले की शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या बघून दिवाळी नाहीतर नाताळ ठरतो आणि मग विमान, हॉटेल वगैरे. व्हिएतनामच्या या किनाऱ्यावर नेमका ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हाच भर पावसाचा काळ. समुद्र खवळलेला, बेटांवर जाणाऱ्या बोटी बंद. 2017 साली 4 नोव्हेंबरला ‘डॅमरी’ नावाचे वादळ याच किनाऱ्यावर आदळले होते. नाताळातही लाटा पुरत्या निवळलेल्या नसतात.

याचे कारण समजून घ्या, म्हणजे महिन्यांची यादी पाठ करावी लागणार नाही. न्हा ट्रांग व्हिएतनामच्या दक्षिण-मध्य भागात, पूर्व किनाऱ्यावर आहे. पश्चिमेला डोंगररांग आहे, ट्रुओंग सोन. जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे येतात तेव्हा त्यांचे पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पडते. आपल्याकडे सह्याद्री ओलांडून माणदेशात उतरलो की पाऊस आटतो, त्याचेच हे दुसरे उदाहरण. फरक इतकाच की तिथे डोंगराच्या कोरड्या बाजूला लगेच समुद्र लागतो. शरद ऋतूत वारे फिरतात, ईशान्येकडून थेट समुद्रावरून येतात, आणि मग मात्र या किनाऱ्याला आडोसा उरत नाही. म्हणून जानेवारीअखेरपासून ऑगस्टपर्यंत इथे बहुतेक दिवस ऊन. आपण मुंबईत छत्र्या सांभाळत असतो त्या जून-जुलैमध्ये इथला समुद्र शांत आणि स्वच्छ असतो.

दोन काळ तेवढे टाळा. एक, त्यांचे चांद्र नववर्ष, तेत. ते जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते. सगळा देश गावी जातो, तिकिटे मिळत नाहीत, छोटी खाणावळ शोधूनही उघडी सापडत नाही. दुसरा, 30 एप्रिल आणि 1 मे. हे दोन्ही त्यांचे सुट्टीचे दिवस, आणि अर्धे सायगॉन, म्हणजे आताचे हो ची मिन्ह सिटी, समुद्रावर येते. नाताळचीच सुट्टी हाताशी असेल तर न्हा ट्रांगचा हट्ट सोडून त्यांच्या पश्चिमेच्या समुद्रातल्या फू क्वोक बेटावर जा. तिथला पाऊस आपल्यासारखाच उन्हाळ्यानंतर येतो आणि डिसेंबरात आकाश मोकळे असते.

आता दुसरी गोष्ट, आणि मला आज मुख्यतः हीच सांगायची आहे. चार-पाच रात्री हातात असतील तर एकाच गावात राहा. सहल कंपन्यांची पत्रके बघा : हनोई, हालोंग, दानांग, होई आन, सायगॉन, कू ची, सगळे एका आठवड्यात. मला ही पत्रके बघून खरेच वाईट वाटते. या वयात आपण सकाळी सहाला बॅगा लॉबीत आणून ठेवायच्या, विमानतळावर ताटकळायचे आणि समुद्र बसच्या काचेतून बघायचा? समुद्राकाठच्या गावाला स्वतःचे घड्याळ असते. ते दोन-तीन दिवस तिथे राहिल्याखेरीज कळत नाही.

न्हा ट्रांगचे घड्याळ पहाटे पाचच्या आत सुरू होते. आपण अरबी समुद्रावरची माणसे. आपल्याला सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो. त्या वेळी ट्रान फू रस्त्यालगतच्या वाळूवर गावचीच माणसे असतात. आपल्या वयाच्या बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात, पुरुष हातवारे करत व्यायाम करतात, कोणी लांबवर सावकाश पोहत जाते. सात वाजेपर्यंत सगळे पांगतात. परदेशी पाहुणे नाश्ता करून दहाला येतात आणि भाजून निघतात. गावकरी पुन्हा उतरतात ते चार वाजल्यानंतर. तुम्ही गावकऱ्यांची वेळ धरा. एक सावधगिरी मात्र बाळगा : इथला तळ काही ठिकाणी चटकन खोल होतो, तेव्हा लाल निशाण असेल तर गुडघाभरही उतरू नका.

म्हणजे दिवसाचा मधला भाग मोकळा राहिला. तो कशात घालवायचा? मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, त्यामुळे माझे उत्तर ठरलेले आहे. समुद्रालगतच्या रस्त्यावरच पाश्चर संस्थेच्या आवारात एक छोटे संग्रहालय आहे, अलेक्सांद्र यर्सिन यांचे. प्लेगच्या जंतूला ‘यर्सिनिया पेस्टिस’ म्हणतात, त्यातले हे यर्सिन. जन्म 1863, स्वित्झर्लंड. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत काम करत होते, ते सोडून बोटीवरचे डॉक्टर झाले आणि या किनाऱ्यावर येऊन रमले. 1894 साली हाँगकाँगला प्लेग उसळला तेव्हा ते तिथे गेले. जपानचे जंतुशास्त्रज्ञ किटासाटो आधीच पोहोचले होते आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी प्रयोगशाळा, शवागार सगळे त्यांच्या हवाली केले होते. यर्सिन यांना जागाच मिळेना. त्यांनी इस्पितळाच्या आवारात गवती छपराची झोपडी उभारली, प्रेते पुरायला नेणाऱ्या खलाशांना पैसे चारले आणि प्लेगच्या गाठीतला द्राव मिळवला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर जंतूंची नुसती दाटी.

पुढच्या वर्षी त्यांनी न्हा ट्रांगला प्रयोगशाळा काढली. प्लेगवरचे सीरम, म्हणजे रोगाशी लढणारे घटक असलेला रक्तद्राव, घोड्यांच्या रक्तातून तयार करायचे होते. त्यासाठी घोडे ठेवायला मोकळी जागा हवी आणि शहरापासून अंतर हवे. मासेमारांच्या या वस्तीत दोन्ही होते.

आता तारखा लक्षात घ्या. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे, आपण त्याच्यावरून शेकडो वेळा गेलो असू. 1897 च्या जानेवारीत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस स्वतःला टोचून घेतली. मार्चमध्ये यर्सिन न्हा ट्रांगचे सीरम घेऊन मुंबईत उतरले. त्याच मार्चच्या 10 तारखेला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे सगळे आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकलो. ते एकाच वर्षातले आहे, आणि त्या वर्षाचे एक टोक न्हा ट्रांगच्या घोड्यांच्या पागेत आहे.

यर्सिन यांच्या सीरमला मुंबईत यश आले नाही. चीनमध्ये आदल्या वर्षी मोजक्या रोग्यांवर त्याचा चांगला गुण आला होता, इथे तो आला नाही. ते परत गेले. त्यांच्या जागी फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ आले, आणि उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग माणसाला होतो हे त्यांनी पुढच्या वर्षी कराचीत दाखवून दिले. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सविस्तर सांगत असे. हरलेल्या औषधाचीही नोंद ठेवावी लागते, तेव्हाच पुढच्या माणसाला वाट सापडते.

संग्रहालय दोन-तीन खोल्यांचे. तासाभरात बघून होते, पण घाई करू नका. त्यांची दुर्बीण आहे, उपकरणे आहेत, लाकडी टेबल-खुर्ची, पुस्तके. आईला लिहिलेली पत्रे आहेत. बारीक, सरळ अक्षर, कुठे खाडाखोड नाही. या माणसाने लग्न केले नाही. मासेमारांच्या वस्तीत घर बांधले, वादळ येणार असे उपकरणांवर दिसले की कोळ्यांना सावध केले, वस्तीतल्या रोग्यांना तपासले. रबराची झाडे या देशात रुजवली, सिंकोना लावला. दलात हे थंड हवेचे ठिकाण ज्या पठारावर वसले, ते त्यांनीच 1893 साली पालथे घातले होते. 1943 मध्ये इथेच वारले. गाजावाजा नको, भाषणे नकोत, असे लिहून ठेवले होते. गावाच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर सुओई दाऊला त्यांच्या जुन्या मळ्यात, टेकडीवर निळसर कबर आहे. शेजारी एक छोटी घुमटी, तिथे लोक उदबत्ती लावतात. फ्रेंच गेले, रस्त्यांची फ्रेंच नावे बदलली. यर्सिन यांचे नाव राहिले. गाडी करून अर्ध्या दिवसात जाऊन येता येते. मी तर म्हणेन, बेटांवरचे मनोरंजन नगर वगळा पण हे वगळू नका.

दुसरे ठिकाण पो नगर. काई नदीच्या मुखाशी, पुलाला लागूनच टेकडी आहे. तिच्यावर चंपा या चाम लोकांच्या जुन्या राज्यातली विटांची देवळे. चाम लोक यान पो नगर या देवीला आपल्या भूमीची माता मानतात. संस्कृत शिलालेखांत ती भगवती म्हणून येते. 774 मध्ये समुद्रावरून आलेल्या हल्लेखोरांनी इथले देऊळ जाळले आणि राजा सत्यवर्मनने ते 784 मध्ये पुन्हा उभे केले, हे शिलालेखातच आहे. सकाळी आठच्या आत जा, म्हणजे बसगाड्या आलेल्या नसतात. पायथ्याशी विटांचे जाडजूड अष्टकोनी खांब आहेत, वर छप्पर उरलेले नाही. तिथून चढून मुख्य देवळापाशी आलात की आत शिरायच्या आधी मान वर करा. दरवाज्यावरच्या कमानीत दगडात कोरलेली मूर्ती नाचते आहे, बाजूला वादक आहेत. मग दाराच्या दोन्ही दगडी चौकटींकडे बघा. वरपासून खालपर्यंत अक्षरेच अक्षरे. आत दशभुजा देवी. तिला रेशमी व्हिएतनामी पोशाख चढवलेला असतो, त्यामुळे दगडाचे हात सगळे दिसत नाहीत. समोर फळे, फुले, उदबत्त्यांचा धूर. व्हिएतनामी लोक तिला थिएन ई आ ना म्हणून पूजतात. देवी तीच, भक्त बदलले, पूजा थांबली नाही. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यात तिची जत्रा भरते, साधारण एप्रिल-मेमध्ये. पादत्राणे काढून, अंग झाकेल असे कपडे घालून जा. कपडे अपुरे असतील तर तिथे झगे मिळतात.

याच परिसरातल्या वो कान्ह गावी आग्नेय आशियातल्या अत्यंत जुन्या संस्कृत शिलालेखांपैकी एक सापडला. तो आता हनोईच्या संग्रहालयात आहे, इथे शोधू नका.

बोटीचा एक दिवस ठेवा. होन मुन बेटाभोवतीचा सागरी भाग संरक्षित आहे. प्रवाळाची फार हानी झाली म्हणून 2022 मध्ये तिथे पोहणे आणि बुड्या मारणे थांबवावे लागले होते. तेव्हा जाल त्या दिवसांत काय चालू आहे ते विचारूनच पैसे द्या, आणि प्रवाळावर पाय देऊ नका. तो दगड नसतो, जिवंत वसाहत असते. नातवंडे बरोबर असतील तर काऊ दा बंदराजवळची सागरविज्ञान संस्था दाखवा. 1922 ची आहे, आणि तिथे अठरा मीटर लांबीच्या देवमाशाचा सांगाडा उभा आहे. होन त्रे बेटावर समुद्रावरून जाणारा रोपवे मुलांना आवडेल, आपल्याला नाही गेलो तरी चालेल.

व्यवहाराचे भराभर सांगते. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आहे. तिथून कॅम रान्हला तासाभराचे विमान, आणि कॅम रान्हहून समुद्राकाठच्या रस्त्याने गाव तीस-पस्तीस किलोमीटर. रेल्वेने रात्रभराचा प्रवासही सुंदर आहे, पण मुक्काम थोडा असेल तर जाताना विमान घ्या. व्हिसा ऑनलाइन मिळतो, एकदा प्रवेशासाठी 25 डॉलर. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट घेतात, म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर तपासा. नाव पासपोर्टावर आहे तसेच, त्याच क्रमाने भरा. आपल्याकडे आडनाव आणि वडिलांचे नाव यांचा घोळ होतो आणि तो विमानतळावर महागात पडतो. त्यांचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे.

पैशांचे एक नीट ऐका. रुपयाला साधारण तीनशे डोंग. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. संध्याकाळच्या उजेडात पाच लाखांची नोट, म्हणजे आपले सोळा-सतराशे रुपये, वीस हजारांची समजून हातातून जाते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. मासळी वजनावर विकतात, तेव्हा शिजवायला टाकण्याआधी भाव आणि वजन दोन्ही ठरवून घ्या. रिक्षासारखी घासाघीस नको असेल तर ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवा.

खाण्याबद्दल मघाशी चिठ्ठी आली होती, शाकाहाऱ्यांचे काय? सोय होते, पण माहिती हवी. त्यांच्या भाजीतसुद्धा माशाचे पाणी, नुओक माम, घातलेले असते, त्यामुळे नुसते “मांस नको” म्हणून भागत नाही. पाटीवर रोमन अक्षरांत ‘सी-एच-ए-वाय’ बघा. ते बौद्ध शाकाहारी जेवण, आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला पुष्कळ लोक असेच जेवतात, त्या दिवशी अशी दुकाने भरलेली असतात. मासे खाणाऱ्यांनी मात्र संध्याकाळी बान्ह कान चुकवू नये. मातीच्या साच्यात, कोळशावर, तांदळाच्या पिठाचे आप्प्यांसारखे छोटे गोळे, वर अंडे नाहीतर कोळंबी. बाई एकटी बसलेली असते, एकामागून एक झाकण उचलते आणि पातीचा कांदा टाकते. ताटात आलेले गरम असतानाच संपवायचे. घरी बांधून नेले की चिवट होतात.

उरलेले प्रश्न चहाच्या वेळी विचारा. व्हिसाचा अर्ज ज्यांना भरायचा आहे त्यांनी पासपोर्ट घेऊन पुढच्या गुरुवारी या, एकत्र बसून भरू.