पोर्शिया: आठ डोळ्यांतली विसरलेली जोडी

जाळ्यावर काहीतरी अडकलंय. वाळक्या पानाचा तुकडा असावा. थांबा... तो चालतोय. अडखळत, हेलकावे खात, एकेक पाऊल.

हा पोर्शिया. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या, म्हणजे साल्टिसिडी कुलातला. कोळ्यांमधलं हे सर्वांत मोठं कुल, ६,०००हून जास्त जातींचं. समोरचे दोन टपोरे डोळे दिसले की कुल कळतं. प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ओळखायची तर मात्र वरून बघावं लागतं.

डोक्यावर आणि बाजूंना डोळ्यांच्या आणखी तीन जोड्या आहेत. या कुलातल्या बहुतेक कोळ्यांमध्ये त्यांतली मधली जोडी अगदी बारीक, नावापुरती उरलेली. पोर्शियात ती ठसठशीत आहे. शिवाय पायांवर केसांच्या झालरी. पानाच्या तुकड्याचं सोंग वठतं ते त्यांच्यामुळेच.

कोळ्यांचे अभ्यासक कार्श यांनी १८७८ मध्ये एका आफ्रिकी जातीवरून ही प्रजाती मांडली. दुसरे अभ्यासक वॅनलेस यांनी १९८४ मध्ये पोर्शिया आणि तिच्या नातलगांना स्पार्टेइनी या उपकुलात एकत्र आणलं. पुढे डीएनएच्या अभ्यासातही ही मंडळी कुलाच्या मुख्य, प्रचंड शाखेबाहेरच राहिली. जातींचा निवाडा मात्र झालरींवरून होत नाही. त्यासाठी जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. काम कंटाळवाणं, पण त्याला पर्याय नाही.

आता वागणं बघा. उड्या मारणारे कोळी सहसा भक्ष्यासाठी जाळं विणत नाहीत. पोर्शिया विणतो. वर दुसऱ्याच्या जाळ्यात शिरून तंतू असे छेडतो, की मालकाला वाटावं, सावज अडकलं. मालक धावत येतो आणि स्वतःच सावज होतो. इतका कावेबाज शिकारी कोळ्यांत दुसरा सापडणं अवघड!

फिलिपिन्समधला पोर्शिया लॅबिएटा तर थुंकणाऱ्या कोळ्यांचीही शिकार करतो. त्यांची चिकट थुंकी अंगावर पडली की संपलंच. म्हणून तिथल्या लॉस बान्योस या ठिकाणचे पोर्शिया वळसा घालून मागून जातात. पण थुंकणाऱ्या मादीच्या तोंडात अंडी असतील, तर सरळ समोरून. थुंकायचं तर तिला आधी अंडी सोडावी लागतात, आणि ती सहसा सोडत नाही.

फिलिपिन्समधल्याच सगाडातले पोर्शिया याच जातीचे. तिथे थुंकणाऱ्या कोळ्यांशी फारशी गाठ पडत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेली त्यांची पिल्लंही असा वळसा घालण्यात कमी पडली. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघांची जात एकच.