दुसरा गिअर सुटतोय? आरएक्सचं इंजिन फोडायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. आज स्टँडवर आहे ही यामाहाची आरएक्स 100. कंपनीनं बनवली रोडसाठी, पण आत्ता हिच्याकडं बघून तसं कोणी म्हणणार नाही, पुढं-मागं बटन टायर, मागचं स्पॉकेट, म्हणजे चेनचं दातांचं चाक, मोठं, मडगार्ड वर उचललेलं, सायलेन्सर पण वर घेतलेला. 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली, 98 सीसी, 11 बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून तर बाहेरची डर्ट बाईक, म्हणजे मातीत पळवायची गाडी, ज्यांना परवडायची नाही त्या पोरांनी हिलाच डर्ट बाईक केलं. आपल्या नाशकात पण अशा बऱ्याच आहेत, रविवारी सकाळी अंजनेरीच्या बाजूला गेलात की आवाज येतोच.

आता हिची तक्रार अशी, की दुसऱ्यात टाकली, एक्सलेटर दिला की खट्ट करून गिअर सुटतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी तिथंच. मालक म्हणतो गिअरबॉक्स गेला, फुल इंजिन खोला. थांब भाऊ. टू स्ट्रोकचं क्रँककेस, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात बसतात तो दोन भागांचा डबा, फोडणं म्हणजे नुसते गिअर बाहेर काढणं नाही, सगळी बेअरिंगं आली, सगळी सीलं आली, पॅकिंग आलं, आणि जोडताना हवा लीक राहिली तर चांगला चाललेला पिस्टन पण जॅम होणार. म्हणून माझी पद्धत एकच, बाहेरून आत जायचं, आणि जिथं दोष सापडला तिथं थांबायचं.

पहिली गोष्ट फुकटची. गिअर लिव्हर हातानं हलवून बघा. डर्टमध्ये गाडी डाव्या बाजूला पडते, लिव्हर वाकतो, लिव्हरच्या आतल्या खाचा झिजतात, मग तुम्ही पायानं पूर्ण दाबता पण आतला शाफ्ट अर्धाच फिरतो. गिअर अर्धाच बसला तर तो सुटणारच ना. कधी कधी लिव्हर वाकून कव्हरला टेकतो, तेवढ्यानं पण हेच होतं. गिअर शाफ्ट वाकलाय का ते पण इथंच कळतं, लिव्हर वर-खाली करताना शाफ्टचं टोक गोल फिरायच्या ऐवजी डोलताना दिसतं.

मग चेन. मोठं स्पॉकेट टाकलं, चेन तीच जुनी, पुढचं स्पॉकेट तर कोणी बघतच नाही कारण ते कव्हरच्या आत. काढून बघा, दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेत का. झिजलेल्या दातांवरून चेन जोर आला की उडी मारते आणि पायाला अगदी गिअर सुटल्यासारखंच वाटतं. फरक कसा ओळखायचा? चेन उडते तेव्हा कुठल्याही गिअरमध्ये उडते आणि कट-कट-कट अशी लागोपाठ उडते, गिअर सुटतो तो बहुतेक एकाच गिअरमध्ये आणि एकच मोठा दणका. आणि क्लच स्लिप होत असेल तर दणका नसतोच, कसारा घाट चढताना चौथ्यात पूर्ण एक्सलेटर द्या, आवाज वाढतोय पण स्पीड वाढत नाही, तो क्लच. क्लच नेहमी वरच्या गिअरला आधी स्लिप होतो, खालच्याला नंतर. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

आता गिअरबॉक्सचं ऑइल काढू. इंजिन थोडं गरम करून मगच काढा म्हणजे खालचा गाळ पण येतो. ऑइल पांढऱ्या ताटलीत घ्या, उन्हात धरा. लोहचुंबक फिरवा. चुंबकाला करडी पेस्ट चिकटली तर घाबरू नका, एवढ्या वर्षांच्या गाडीत ती निघणारच. पण चकाकणारे तुकडे, टोकदार कपची निघाली तर कुठला तरी दात तुटलाय, मग पुढं चालवूच नका. चुंबकाला न चिकटणारी पांढरी चमक म्हणजे ॲल्युमिनियम, ती बहुतेक क्लचच्या बेलची, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याची.

ऑइल दुधाळ निघालं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालता, गरम इंजिन गार पाण्यात गेलं की गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून पाणी आत खेचलं जातं. ती नळी वर टाकीखाली नेऊन बांधा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ऑइल कमी निघालं, बाहेर थेंब गळत नाही, धूर मात्र पांढरा आणि नेहमीपेक्षा जास्त, तर क्रँकचं क्लचकडचं सील गेलंय, गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन पितंय. ह्यात लोकं काय करतात, वरून ऑइल टाकत राहतात, आणि एक दिवस विसरतात, आणि मग खरंच गिअरबॉक्स जातो.

ऑइल कुठलं, हे नेहमी विचारतात. हिचा क्लच ऑइलमध्येच फिरतो, त्यामुळं कारचं घसरट ऑइल टाकलं की प्लेटा धरत नाहीत. डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलमधल्या क्लचला चालतं असा शिक्का, लिहिलेलं बाईकचं 20डब्ल्यू40 घ्या, बस. उगाच महागाचं घेऊन काही होत नाही.

चला, उजवं कव्हर उघडतोय. हे स्क्रू जपानी पद्धतीचे आहेत, आपला साधा चौफुली स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, डोकं गोल होतं आणि मग छन्नीनं फोडायची वेळ येते. इंपॅक्ट ड्रायव्हर घ्या, एक हातोडी, सुटला. कॅमेरा जवळ आण जरा. ही क्लचची बेल. हिच्या ह्या खाचांवर बोट फिरवा, खड्डे लागतायत बघा, प्लेटा आपटून आपटून पडलेत. तुम्ही क्लच दाबता तेव्हा प्लेट त्या खड्ड्यात अडकते, क्लच पूर्ण सुटत नाही, गाडी ओढत राहते, न्यूट्रल सापडत नाही आणि प्रत्येक गिअर ओरबाडत पडतो. म्हणजे दोष क्लचचा आणि मार खातो गिअर. बारीक खड्डे असतील तर कानशीनं साफ करा, सगळीकडं सारखं, खोल असतील तर बेल बदला. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून बघायच्या, खालून फिलर गेजची पातळ पट्टी जातेय तर प्लेट वाकलीय. बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या नुसत्या सोडवून, साफ करून, ऑइलात भिजवून परत टाकल्या तरी पुष्कळदा चालतात. आणि हो, क्लच दाबणाऱ्या पुश रॉडच्या मधे एक छोटा छर्रा असतो, तो टेबलाखाली गेला की संध्याकाळ गेली.

क्लच काढला की मागं दिसतंय ते शिफ्टरचं काम, आणि हे बघायला अजून क्रँककेस फोडावं लागलं नाही हे लक्षात घ्या. ही रिटर्न स्प्रिंग, तुटली तर लिव्हर पायाखाली लोंबकळतो, परत जागेवर येत नाही. आणि ही स्टॉपरची स्प्रिंग, हीच ड्रमला, म्हणजे फिरून गिअर सरकवणाऱ्या गोल दांड्याला, त्या त्या गिअरवर धरून ठेवते. ढिली झाली की ड्रम मधेच कुठंतरी थांबतो, मग दोन गिअरच्या मधे खोटं न्यूट्रल लागतं. शंभर-दोनशेच्या आतलं सामान आहे आणि ह्याच्यावरून लोकांनी पूर्ण इंजिनं खोललीत.

हिच्यात मात्र शिफ्टरचं हे सगळं ठीक निघालं, आणि बेलच्या खड्ड्यांनी गिअर ओरबाडतो, सुटत नाही. म्हणून आता फोडायचं.

इथं एकच कळकळीची विनंती, दोन भागांच्या मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या पृष्ठभागावर ओरखडा पडला की क्रँककेस हवा खेचतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन जॅम. पुलर वापरा, नाहीतर रबरी हातोडीनं हळूहळू.

आता हे बघा. ह्या गिअरबॉक्समध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. गिअर टाकणं म्हणजे एक गिअर बाजूला सरकतो आणि त्याचे हे जाड ठोकळे, डॉग, शेजारच्या गिअरच्या खोबणीत बसतात, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवा, तसं. नवीन डॉगची बाजू सरळ नसते, किंचित आत कापलेली असते, म्हणजे जोर आला की दोन्ही गिअर एकमेकांना खेचून धरतात. आता ह्याची कड बघा, गोल झालीय. जोर आला की खेचायच्या ऐवजी ढकलतात. क्लच न दाबता गिअर टाकायचे, उडी मारून उतरताना अर्धवट टाकायचे, त्याचं हे बिल. आणि तो ढकलणारा गिअर अडवतं कोण, तर त्याला बाजूला सरकवणारा हा शिफ्टर फोर्क, म्हणून त्याचं टोक निळं पडलंय, जळालंय. गिअर बदलून फोर्क तोच ठेवला तर गाडी परत येणार. डॉगवाला गिअर आणि त्याच्या समोरचा, दोन्ही बदलायचे, सोबत फोर्क, आणि गिअरला शाफ्टवर धरणारं लॉक नवीनच, जुनं लॉक एकदा ताणलं की गेलं. वायसर ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं तारेत ओवून ठेवा.

आता सातपूर-अंबडला लेथवाले असे आहेत की सांगाल ते बनवून देतील, आणि बरेच जण डॉगवर वेल्डिंग मारून घासून आणतात. मी नाही सांगणार. गिअरचा वरचा थर कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेनं तो मऊ पडतो, आणि तो तुकडा तुटला की पूर्ण गिअरबॉक्समधून फिरून येतो. त्यापेक्षा जुन्या बाजारातला चांगला सेट बघा, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, पण डॉगच्या कडांवर नख फिरवून घ्या, नख अडकलं पाहिजे.

सगळं बसवलं, पण क्लचकडचं कव्हर लावायच्या आधी ड्रम हातानं फिरवून सगळे गिअर टाकून बघा. शाफ्ट फिरवत फिरवत, नुसता उभा शाफ्ट असेल तर गिअर पडणार नाही, कारण डॉग डॉगच्या तोंडावर येतो. उभ्या गाडीत गिअर पडत नाही म्हणून पण लोकं घाबरतात, मागचं चाक थोडं फिरवा, पडतो.

क्लच लिव्हरला बुडाशी, पिव्होटजवळ, दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवा. पहिली चक्कर गंगापूर रोडला साधीच मारा, चारही गिअर, वर आणि खाली, मग दुसऱ्यात एक्सलेटर सोडून परत द्या, गिअर सुटायचा असेल तर तिथंच सुटेल. घरी आल्यावर ते ऑइल गरम असतानाच काढून टाका, चुंबक फिरवा, नवीन भरा. आणि दुकानात जाताना जुना गिअर सोबत न्या, चार स्पीडचा आणि पाच स्पीडचा सेट काउंटरवर सर्रास बदलून देतात.